सिस्टर बोलत का नाहीत?

या पानाकडे येणारी पत्रे बहुधा बोगस बियाण्याची, पीककर्जाची, पांदण रस्त्याची नाहीतर जळालेल्या डीपीची असतात. फवारणीच्या दिवसांत एक पत्र वेगळे आले. वहीचे दोन ताव, निळ्या शाईत, खाली सही आणि गावाचे नाव. लिहिणाऱ्याचा धाकटा भाऊ पऱ्हाटीवर औषध मारता मारता चक्कर येऊन पडला, तालुक्याहून जिल्ह्याला हलवला, अतिदक्षता विभागात ठेवला. पत्रातली तक्रार दोन गोष्टींची होती. एक, ‘माह्या भावाचे दोन्ही हात पलंगाले बांधून ठेवले, जनावरावानी.’ दुसरी, ‘सिस्टर काही सांगाले तयार नाही. इचारलं तं बाहेर व्हा म्हणते.’ शेवटी सिस्टरचे नाव दिले होते आणि ते नाव ठळक अक्षरांत छापावे अशी विनंती होती.

आम्ही ते पत्र छापले नाही. खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी छापायचेच ठरले होते, मथळाही तयार होता. मग वाटले, एकदा जाऊन तरी यावे. रुग्णालय जिल्ह्यातलेच आहे. सरकारी की खासगी आणि कोणते, हे इथे सांगत नाही, कारण जे पाहिले ते त्या एकाच ठिकाणचे आहे असे आम्हाला वाटत नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी अतिदक्षता विभाग बाहेरूनच पाहिला असेल. काचेचा दरवाजा, त्यावर चपला बाहेर काढण्याची सूचना, आणि समोरच्या व्हरांड्यात पोती, सतरंज्या, स्टीलचे डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली गावेच्या गावे. दरवाजा किलकिला झाला की दहा माणसे उठून उभी राहतात. आत जाणाऱ्या-येणाऱ्या सिस्टरच्या तोंडाकडे पाहतात. तिच्या चेहऱ्यावर काही दिसते का, ती घाईत आहे का, ती आपल्या पेशंटच्या नावाने हाक मारते का. घरातले माणूस आत पडले असताना बाहेर बसणे काय असते ते आम्हीही चार रात्री भोगले आहे. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्याचा राग खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आता आतली गोष्ट. कीटकनाशकाचे विष, मग ते कोणी रागाच्या भरात प्यालेले असो की फवारताना नाकातोंडातून आणि कातडीतून गेलेले असो, आपल्या भागात बहुतेक वेळा सेंद्रिय फॉस्फरस गटातले असते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावे कृषी केंद्राच्या फळीवर तुम्ही वाचलेली आहेत. या विषाने माणसाच्या तोंडाला फेस येतो, छातीत पाणी भरल्यासारखे होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. आपल्याकडे ते बहुधा ०.६ मिलिग्रॅमच्या इवल्याशा काचेच्या कुपीत मिळते. डोस ठरलेला नसतो. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी बघायची, बाहुली बघायची, आणि छाती कोरडी होईपर्यंत डोस दुप्पट करत जायचे. म्हणजे एका वेळी दहा मिलिग्रॅम द्यायचे झाले तर सतरा कुप्या फोडाव्या लागतात. एका पेशंटच्या एका डोसाला सतरा! अशा तीन पेशंटांची रात्र काढलेल्या एका सिस्टरने आम्हाला बोटे दाखवली. अंगठ्यावर आणि तर्जनीवर बारीक काप होते, वर चिकटपट्टी.

ॲट्रोपिन पुरेसे झाले की दुसरीच कथा सुरू होते. माणूस बरळतो, अंगावरच्या नळ्या उपटतो, पलंगावरून उडी मारायला बघतो, सिस्टरला आईमाईवरून शिव्या देतो. त्याला त्यातले काही कळत नसते. अशा वेळी हातातली सलाईनची सुई उपटली गेली तर औषध बंद पडते, घशातली नळी उपटली गेली तर श्वास. म्हणून हात बांधतात. त्या पत्रातल्या भावाचे हात याच कारणाने बांधले होते. मऊ पट्टीने बांधले होते आणि ठराविक वेळाने ती सोडून मनगट तपासल्याची नोंद कागदावर होती. नोंद आम्ही पाहिली.

मग चूक कोणाची? आमच्या मते चूक झाली होती, पण ती बांधण्यात नव्हती. हात का बांधले हे त्या घरच्या एकाही माणसाला कोणी सांगितले नव्हते. दोन मिनिटांचे काम होते. ते डॉक्टरांनी करायचे की सिस्टरने, यावर तिथे बरीच चर्चा झाली. डॉक्टर म्हणाले, सिस्टर सांगतात. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगायचे असते, आम्ही काही बोललो आणि पुढे उलटे झाले तर नातेवाईक आमचीच गचांडी धरतात. दोन्ही बाजू खऱ्या. त्या भानगडीत एक शेतकरी रात्रभर व्हरांड्यात बसून आपल्या भावाला जनावरासारखे बांधल्याचे मनात घोळवत राहिला.

त्या सिस्टरला आम्ही विचारले, तुम्ही ‘बाहेर व्हा’ म्हणालात का? तिने नाही म्हटले नाही. म्हणाली, ‘म्हटलं असेन. त्या रात्री कोणाला काय म्हटलं ते मला आठवत नाही.’ ही तिची सलग तिसरी नाईट होती. पाळीवरची दुसरी सिस्टर रजेवर होती, बदली आलीच नव्हती. दहा खाटा, त्यातली तीन माणसे व्हेंटिलेटरवर, आणि सिस्टर दोन.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष काय आहे हे वाचकांना ठाऊक असलेले बरे. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका खाटेमागे एक परिचारिका. साध्या वॉर्डात, रुग्णालय शिक्षणाचे असेल तर तीन खाटांना एक, नसेल तर पाचांना एक. वर रजा आणि सुट्ट्यांसाठी तीस टक्के जादा माणसे. हा निकष कागदावर कित्येक वर्षांपासून आहे. तुम्ही पुढच्या वेळी कोणाला बघायला गेलात तर खाटा मोजा आणि पांढरे कपडे मोजा. गणित अवघड नाही.

माणूस कमी पडला की काम वाढते, एवढेच असते तर हा अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. कापूस वेचणाऱ्या बाईलाही काम असते, ऊसतोड मजुरालाही असते, आणि त्यांना कोणी ‘बर्नआउट’ झाला म्हणत नाही. असे आम्हाला एका वाचकाने तोंडावर ऐकवले आहे. त्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पण थकण्याचे प्रकार असतात. अंग थकले तर रात्रभर झोपून उतरते. दुसरा थकवा झोपेने उतरत नाही. अमेरिकेतल्या ख्रिस्टिना मासलाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासह हा थकवा मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यांनी त्याचे तीन भाग पाडले. पहिला, मन रिकामे होणे, म्हणजे द्यायला काही उरलेच नाही असे वाटणे. दुसरा, समोरचा माणूस माणूस न वाटणे. तिसरा, आपल्या हातून काही भले होते आहे यावरचा विश्वास उडणे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात याची नोंद घेतली. मात्र तिथे त्याला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणातून उपजणारी अवस्था म्हटले आहे. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. रोग म्हटला की सिस्टरला गोळी देऊन घरी पाठवता येते. कामातून उपजलेली गोष्ट म्हटली की काम कोणी कसे लावले ते विचारावे लागते.

दुसऱ्या भागाची खूण तुम्ही स्वतः पाहू शकता. अतिदक्षता विभागात पेशंटला नाव नसते. ‘चार नंबरचं सक्शन झालं का?’ ‘सातची सॅच्युरेशन उतरतेय.’ ‘पॉयझनिंगवाला ओरडतोय.’ हे रोजच्या कामाचे बोलणे आहे, त्यात दुष्टावा नाही, घाईत खाटेचा नंबरच बरा पडतो. पण एका वयस्क परिसेविकेने आम्हाला सांगितले, की नव्या मुली पहिल्या महिन्यात पेशंट गेला की बाथरूममध्ये जाऊन रडतात; सहा महिन्यांनी रडत नाहीत; दीड वर्षाने चार नंबर गेला म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘मग खाट कधी रिकामी होतेय?’ ‘तेव्हा मला भीती वाटते,’ त्या म्हणाल्या. ‘रडणाऱ्या पोरीची भीती वाटत नाही.’

यवतमाळ जिल्ह्याने हे एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कापूस डोक्याएवढा वाढला, बोंडअळीचा जोर होता, आणि लोक दोन-तीन औषधे एकत्र करून, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारत सुटले. फवाऱ्याचे तुषार छातीच्या नि तोंडाच्या उंचीला आले. शेकडो शेतकरी आणि मजूर दवाखान्यांत आले, वीसच्या आसपास माणसे दगावली. विशेष तपास पथक बसले, पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली, कंपन्यांची, दुकानदारांची, कृषी खात्याची चर्चा झाली. आमच्याही पानावर झाली. मृतांच्या घरी जाऊन आम्ही बातम्या केल्या. पण त्या दिवसांत एका खाटेवर दोन पेशंट घेऊन ज्या बायांनी कुप्या फोडल्या, त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही. ही आमची उणीव होती आणि ती आज कबूल करायला हरकत नसावी.

या विषाचा एक डाव शेतकऱ्यांच्या घरात माहीत असायला हवा, कारण त्याचा संबंध थेट सिस्टरच्या डोळ्यांशी आहे. पहिल्या दिवसाचे संकट टळते. माणूस शुद्धीवर येतो, चहा मागतो, बायकोला ओळखतो. घरचे म्हणतात, वाचला, नेऊ या घरी. आणि मग एक ते चार दिवसांच्या दरम्यान कधीतरी त्याची मान जड होते. उशीवरून डोके उचलवत नाही. त्यानंतर श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि बघता बघता श्वास थांबतो. यावर उपाय आहे, वेळेवर नळी घालून व्हेंटिलेटर लावला तर बहुतेक माणसे निघतात. पण आधी कळले पाहिजे. ते यंत्राला कळायला उशीर लागतो. सिस्टरने दर थोड्या वेळाने जाऊन ‘दादा, मान उचला बघू’ म्हणायचे असते. एवढेच. मान उचलली तर पुढच्या खाटेकडे. नाही उचलली तर डॉक्टरांना हाक. एका माणसाचा जीव या एका वाक्यावर असतो, आणि ते वाक्य पहाटे चार वाजता, तिसऱ्या नाईटला, दहा खाटांमध्ये म्हणायचे असते.

इथे आम्ही नाजूक जागेवर येतो. एका सिस्टरने, नाव न सांगण्याच्या बोलीवर, आम्हाला सांगितले की एकदा तिने सहा वाजताच्या रकान्यात चार वाजताचेच आकडे लिहिले होते. नाडी, रक्तदाब, श्वास, सगळे. पेशंटजवळ गेलीच नव्हती. शेजारच्या खाटेवर गडबड चालू होती. पेशंटला काही झाले नाही. सकाळी ओव्हर देताना तिने वहीकडे बघितले आणि गप्प राहिली. ‘कोणाला कळलं नाही. मला कळलं,’ ती म्हणाली. त्यानंतर कित्येक महिने तिला घरी झोपेत गजराचा आवाज यायचा.

हे चूक आहे. आम्ही ते चूकच म्हणणार. परिचारिकेच्या पेशात कागदावरचा आकडा म्हणजे तिचा शब्द. पुढचा डॉक्टर त्या शब्दावर औषध वाढवतो नाहीतर कमी करतो. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे, २०२१ मध्ये ती नव्याने मांडली गेली, आणि तिचा गाभा हाच आहे की परिचारिकेची पहिली बांधिलकी रुग्णाशी. साहेबाशी नाही, संस्थेशी नाही. थकवा आला म्हणून ती बांधिलकी सुटत नाही. ज्या दिवशी आपण ‘बिचारी थकली होती’ म्हणून खोटा आकडा माफ करू, त्या दिवशी व्हरांड्यातल्या त्या माणसाला आपण सोडून दिले असे होईल.

पण त्याच आचारसंहितेप्रमाणे सिस्टरने आणखी एक काम करायचे असते, ते म्हणजे एवढ्या माणसांत हे काम सुरक्षित होत नाही असे वर लेखी कळवणे. ते किती जणी करतात? आणि केले तर काय होते? एकीने तसा अर्ज दिला होता. तिला विचारले गेले, ‘बाकीच्या कशा करतात मग?’ ती कंत्राटी होती, अकरा महिन्यांच्या आदेशावर. पुढचा आदेश निघायचा होता. तिने अर्ज परत घेतला. आता सांगा, इथे नीती कोणाची सुटली? १९८४ मध्ये अँड्र्यू जेम्टन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने परिचारिकांच्या याच अवस्थेला नाव दिले. बरोबर काय ते माहीत असते, पण संस्थेच्या अडथळ्यांमुळे ते करता येत नाही, आणि तो काटा आत राहतो. आपल्याकडे त्याला आपण घुसमट म्हणू. अंगाच्या थकव्यापेक्षा ही घुसमट माणसाला लवकर निबर करते.

मग काही झाले की काय होते तेही पाहू. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागाला आग लागली. सतरापैकी दहा बालके गेली, सात वाचवता आली. कारवाई झालेल्यांत सिव्हिल सर्जनांबरोबर परिचारिकाही होत्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडचा अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण दगावले, आणि एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. त्या रात्री कोण कुठे होते, कोणी काय करायला हवे होते, हा न्यायालयाचा विषय, त्यात आम्ही पडत नाही. कोणी जागा सोडली असेल तर तिला जाब विचारलाच पाहिजे. पण विजेची तपासणी कोणी केली नव्हती, फायर ऑडिटच्या शिफारशी कोणत्या टेबलावर पडून होत्या, या प्रश्नांची उत्तरे द्यायला रात्रपाळीची सिस्टर लागत नाही. आपल्याकडे हातकड्या नेहमी शेवटच्या पायरीवर सापडतात. तलाठी सापडतो, लाइनमन सापडतो, सिस्टर सापडते. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नसावी.

कोणी म्हणेल, सेवा करायची तर सोसावे लागते. या वाक्याने परिचारिकांचे जेवढे नुकसान केले तेवढे कशानेच केले नसेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानभाग यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या तिथल्याच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला आणि त्या कायमच्या अर्धमृत अवस्थेत गेल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. मधली एकेचाळीस-बेचाळीस वर्षे त्या रुग्णालयातल्या सिस्टरांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलली. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी त्यांना हलवण्याचा घाट घातला गेला तेव्हा सिस्टरांनीच तो हाणून पाडला. दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हाही त्यांनी विरोध केला, आणि ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या कर्मचाऱ्यांचाच मानला, त्यांचे तोंड भरून कौतुक केले.

त्या सेवेपुढे हात जोडावेत. पण हेही लक्षात घ्यावे, की अरुणांना पाहणाऱ्या सिस्टरा पाळीपाळीने, पिढीपिढीने बदलत होत्या, आणि पाठीशी एकमेकींची संघटित फळी होती. त्या एकट्या नव्हत्या म्हणून निभावले. आणि १९७३ मध्ये याच सिस्टरांनी सुरक्षिततेसाठी संपही केला होता. सोसणे म्हणजे गप्प बसणे असे त्यांनी कधी मानले नाही. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी रात्री साडेआठला शेवटची एसटी गेल्यावर पाळी संपलेली मुलगी रूमवर कशी जाते, हा प्रश्न आजही रुग्णालयाच्या बैठकीत सर्वांत शेवटी येतो.

मरणाच्या दारातल्या निर्णयांबद्दलही बोलले पाहिजे, कारण सिस्टरच्या मनावर खरा भार तिथे पडतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचे यांत्रिक उपचार थांबवण्याची वाट घालून दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता डॉक्टरांची दोन मंडळे लागतात, माणसाने आधीच आपली इच्छा नोटरीपुढे लिहून ठेवता येते. आमच्या भागात हे किती घरांना ठाऊक आहे? इथली रीत वेगळी आहे. खासगीत पैसे संपतात, शेत गहाण पडते, योजनेची रक्कमही संपते, मग घरचे म्हणतात, ‘घरी नेतो, लिहून देतो.’ कागदावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असा शेरा पडतो. व्हेंटिलेटर काढतात, सिस्टर हाताने दाबायची फुग्यासारखी अंबू बॅग मुलाच्या हातात देते आणि कशी दाबायची ते शिकवते. गाडी गावाच्या वेशीपर्यंत पोचते, मग मुलाने दाबणे थांबवायचे असते. कधी थांबवायचे ते कोणी सांगत नाही. ‘त्या पोरांची तोंडं मला दिसतात,’ एक सिस्टर म्हणाली. ‘मी त्याला काय शिकवलं? श्वास द्यायला की थांबवायला?’

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. पण हा निर्णय व्हरांड्यात, बिलाच्या खिडकीशी, एका घाबरलेल्या मुलाने आणि एका थकलेल्या सिस्टरने घेण्याचा नव्हे एवढे नक्की. कायद्याने दिलेली मंडळे जिल्ह्यात खरोखर बसतात का, हे जिल्हा शल्यचिकित्सकांनी जाहीर करावे अशी आमची मागणी आहे.

दुसरी मागणी जागांची. राज्यातल्या परिचारिका २०२२ च्या मे महिन्यात संपावर गेल्या त्या बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या विरोधात. संपाने पेशंटचे हाल होतात हे खरेच, आणि त्या वेळी आम्हीही नाक मुरडले होते. पण अकरा महिन्यांच्या आदेशावरची सिस्टर धोक्याचा अर्ज परत घेते हे वर पाहिलेच. खासगीचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगून ठेवले, की पन्नास खाटांहून लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिना वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा. आपल्या जिल्ह्यातल्या किती ‘मल्टिस्पेशालिटी’ पाट्यांमागे हा आकडा पाळला जातो, हे तिथे काम करणाऱ्या, आपल्याच गावांतल्या मुलींना विचारा. तीन एकर कोरडवाहूतून फी भरून शिकवलेल्या मुली आहेत त्या.

आणि थोडे आपल्याकडे. विषबाधेचा पेशंट नेताना औषधाची बाटली, निदान तिचे लेबल सोबत न्या. माणूस प्याला असेल तर ‘फवारताना लागलं’ असे सांगू नका. पोलीस केसची भीती समजते, पण सिस्टर आणि डॉक्टर त्या माहितीवर औषध ठरवतात. आत जायला घरातले एकच माणूस ठरवा, रोज तेच. पंधरा जणांनी पंधरा वेळा विचारले तर सिस्टर पंधरा वेळा पेशंटपासून दूर येते. अंगावर धावून जाणे तर सोडाच. २०१० च्या राज्याच्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उलट रुग्णालयानेही रोज एक ठरलेली वेळ द्यावी, सकाळी अकरा म्हणा की संध्याकाळी पाच, त्या वेळी डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी मिळून दर पेशंटमागे दोन मिनिटे बोलावे. हात बांधले तर का बांधले ते त्यातच सांगावे. याला मंजुरी लागत नाही, निधी लागत नाही.

ते पत्र आम्ही परिसेविकांना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले, झेरॉक्स मागून घेतली आणि ड्युटी रूममधल्या फळ्यावर लावली. सिस्टरचे नाव तेवढे पेनाने खोडले. पत्र लिहिणाऱ्या भावाला आम्ही फोन केला, हात का बांधले होते ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हे तवाच सांगतलं असतं तं?’ त्याचा भाऊ घरी आला आहे, अजून अशक्त आहे, आणि राहिलेली फवारणी आता तो स्वतः करतो आहे. हातमोजे आणि चष्मा घेतला का, असे विचारले तर म्हणाला, दुकानात संपले होते. पत्र छापायचे की नाही हे आम्ही त्याच्यावर सोडले आहे. तो हो म्हणाला तर पुढच्या गुरुवारी ते याच पानावर येईल, नावाशिवाय.